मगदूम सरांसाठी क्लिनिक पाहिजे

माणूस तापानं फणफणला तर निपाणीत लोक त्याला भेटायला येतात, आणि मनानं खचला तर त्याच्या पाया पडायला येतात. हा शोध सन्मती मगदूम सरांना चोपन्नाव्या वर्षी लागला. पाय त्यांचेच होते.

सर हायस्कुलात भूगोल शिकवत. गेली दोन वर्षं त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. पोरांनी मागच्या बाकावर वाढदिवसाचा केक कापला तरी राग येईना, तेव्हा हेडमास्तरांनी स्नेहसंमेलनात 'संयमी शिक्षक' म्हणून त्यांना शाल दिली. घरातलं बोलणं आटलं, तेव्हा शेजारच्या पूर्णिमावहिनी म्हणाल्या, "सर अलीकडं चिंतनात असत्यात." जेवण पाव भाकरीवर आलं, तेव्हा बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पंडितजींनी चार लोकांदेखत सांगितलं की वैराग्याची सुरुवात अशीच असते. या वैराग्यावर विश्वास नव्हता तो एकट्या ब्राह्मीचा, सरांच्या बायकोचा. वैरागी माणूस बादली भरून वाहून गेली तरी नळ बंद न करता भिंतीकडं बघत बसत नाही, असं तिचं साधं मत होतं. शिवाय गच्चीवर सांडगे वाळत घालताना तिनं त्यांना एकदा काहीही कारण नसताना रडताना पाहिलं होतं. त्या दिवशी तिनं वैराग्याचा विषय बंद केला आणि सरांना बेळगावला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी एक गोळी देऊन पाहिली, मग दुसरी. सरांचं वजन तेवढं वाढलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सर, केटामिन म्हणून एक औषध आहे. एरवी भुलीसाठी वापरतात. थोड्या मात्रेत, देखरेखीखाली सलाईनमधून दिलं तर तुमच्यासारख्या काही जणांना गुण येतो. माझ्याकडं ती सोय नाही. या भागात आता दोन-चार ठिकाणी देतात म्हणे, पण कुठंही जाऊन झोपू नका. देणारा कोण, भूलतज्ज्ञ हजर असतो का, नंतर किती वेळ ठेवून घेतात, हे सगळं नीट बघून ठरवा."

भल्या माणसानं सल्ला योग्यच दिला होता. चूक एवढीच झाली की मगदूमांच्या घराण्यात 'नीट बघून ठरवायची' गोष्ट एकच असते, लग्नाचं स्थळ, आणि ते बघायला एकट्यानं जात नाहीत.

केटामिन घेतल्यावर माणसानं गाडी चालवायची नसते, म्हणून ब्राह्मीला कुणाची तरी जीप हवी होती. जीप होती कलगोंडा आण्णांकडं. हे सरांचे थोरले चुलतभाऊ. तंबाखूची वखार पोरांच्या हवाली करून आण्णा आता पूर्ण वेळ लग्नं जमवत. चिकोडीपासून कागलपर्यंत कुणाची मुलगी कुठं खपेल, कुणाच्या मुलाला चष्मा लागलाय आणि तो कुणापासून लपवलाय, हे त्यांना तोंडपाठ असे. ब्राह्मीनं त्यांना सगळं सांगितलं.

"डिप्रेशन? आपल्या घराण्यात?" त्यांनी विचारलं, जणू कुणी देवघरात अंडी उकडली होती. मग दार लावून घेतलं. "हे बघ ब्राह्मी, दीप्तीचं चिकोडीला बोलणं चाललंय. माणसं लई बारीक चौकशी करणारी हाईत. बापाच्या डोस्क्यात बिघाड हाय असं कळालं तर पोरीकडं कोण बघणार न्हाय. कुणाला बोलायचं न्हाय. क्लिनिक मी बघतो."

दीप्ती ही सरांची एकुलती एक मुलगी, हुबळीला बँकेत होती. ज्यांना बापाचं औषध चालत नाही त्यांच्या घरी आपल्यालाही जायचं नाही, असं ती फोनवर स्पष्ट म्हणाली. पण मुलीचं मत विचारात घेऊन मुलीचं लग्न ठरवायची पद्धत आण्णांकडं नव्हती. सरांनी आण्णांची बाजू घेतली. आपल्यामुळं पोरीचं नुकसान होईल ही एकच गोष्ट अशी होती, की जिची त्यांना अजून भीती वाटत होती. बाकी भीतीसुद्धा संपली होती.

आण्णांनी शब्द पाळला. सरांचं नाव त्यांनी कुणापाशीच काढलं नाही. ते फक्त विचारत, "आमच्या एका पाहुण्यासाठी मनाचं क्लिनिक बघायलोय. कुठं चांगलं हाय?" आणि हे विचारायची जागा म्हणजे आण्णांच्या घरासमोरचा कट्टा, जिथं संध्याकाळी सरही बसलेले असत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "पाहुण्याचं लग्न करा." "झालंय." "मग तेच कारण असंल." एकाचं म्हणणं, पाहुण्याला पहाटे उठवून तंबाखूच्या रानात खुडणीला सोडावं. दुसऱ्याचं म्हणणं, पाहुण्याला काम नसणार, मास्तरबिस्तर असंल. पूर्णिमावहिनींनी पाहुण्याला मेथ्या भिजवून द्यायला सांगितल्या, आणि वर म्हणाल्या, "त्याला आमच्या सरांच्या पायाशी आणून बसवा. किती शांत माणूस बघा." सर शांतच होते. एकदा मात्र चर्चा पाहुण्याच्या आळशीपणावर आली तेव्हा त्यांच्याच्यानं राहवलं नाही. "तो तसा बरा माणूस आहे," ते हळूच म्हणाले. "तुमचा सोभावच भोळा, सर," कट्टा म्हणाला.

पहिलं स्थळ बेळगावात निघालं. स्थळ बघायला चौघं जातात, म्हणून आण्णांनी बायकोला, मालुबाईंना, बरोबर घेतलं. ब्राह्मी होतीच. सरांना जीपमध्ये मागं, चिवड्याच्या पिशवीशेजारी जागा मिळाली. ज्याच्यासाठी बघायचं त्याला मागंच बसवतात.

क्लिनिकचं नाव 'नवचैतन्य ग्लो अँड माइंड'. दारात कारंजं होतं, आत बासरी वाजत होती, आणि भिंतीवर एका टकल्या माणसाचे दोन फोटो होते, दुसऱ्यात तो टकला नव्हता. रक्षा नावाची स्वागतिका इतकी गोड हसली की मालुबाईंनी तिथल्या तिथं हिला कुठं दिलीय का, अशी खुणेनं चौकशी केली.

"डॉक्टर कुठल्या गावचे?" आण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"इथलेच आहेत, काका."

"इथलेच म्हंजे? मूळ गाव? सासुरवाडी कुठली?"

रक्षाला डॉक्टरांची सासुरवाडी माहीत होती, कारण कारंजं तिकडून आलं होतं. आण्णांना ती माणसं ओळखीची निघाली. त्यांच्या दृष्टीनं काम झालं होतं. मग सरांनी घसा साफ करून आपले प्रश्न काढले.

"डॉक्टर मनाचे आहेत का?"

"केसांचे आहेत, सर. पण मनाचा कोर्स केलाय."

"आणि भूलतज्ज्ञ?"

"आहेत की. फोन केला की येतात. पणजीहून."

सर भूगोलाचे. पावसाळा, चोर्ला घाट, कोसळणाऱ्या दरडी, हे सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढं आलं, आणि पणजीचा माणूस बेळगावात पोचेपर्यंत आपल्याला श्वास धरून ठेवता येणार नाही, असं त्यांचं मत झालं. रक्षानं पुढं सांगितलं की पूर्ण कोर्स घेतला तर एक फेशियल मोफत आहे.

"घ्या भावोजी," मालुबाई म्हणाल्या, "सलाईन तुम्ही लावून घ्या, फेशियल मी करून घेतो."

परतीच्या वाटेवर आण्णा हिरमुसले होते. एवढं देखणं स्थळ, चहा, बिस्किटं, थंडगार हवा, आणि मुलगा नको म्हणतो. "तुला अप्सरा पाहिजे व्हय रं?" त्यांनी मागं वळून विचारलं. सरांना भूलतज्ज्ञ पाहिजे होता.

दुसरं स्थळ घरातलंच होतं. आण्णांचा भाचा राजकुमार चिकोडीला डॉक्टर होता आणि केटामिन त्याच्याकडं कुलुपात असे, रीतसर परवान्यासह. अडचण एवढीच होती की तो जनावरांचा डॉक्टर होता. आण्णांना ही अडचण वाटत नव्हती. "औषध तेच की," ते म्हणाले. "घरचा पोरगा. बाहेर बोलणार न्हाय."

राजकुमारनं मामांचं ऐकून घेतलं. मग त्यानं सरांना नखशिखान्त न्याहाळलं. "वजन किती असंल? म्हंजे एका जरशी कालवडीयवढं," तो आदरानं म्हणाला. मागं उसात शिरलेल्या बिबट्याला हेच दिलं होतं, असं सांगत त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. बिबट्या जीभ बाहेर काढून पडला होता आणि त्याच्याभोवती उभं राहून सगळं गाव हसत होतं. सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. त्यांना बिबट्याचा चेहरा ओळखीचा वाटला.

"पण मामा, माणसाला मी सुई लावली तर माझं लायसन जाईल," राजकुमार म्हणाला. "आणि सर म्हंजे काय म्हैस न्हाईत." हे त्यानं सरांची समजूत काढावी अशा सुरात सांगितलं. सर त्याला धन्यवाद म्हणाले. आपण म्हैस नसल्याचं प्रमाणपत्र मिळवायला ते चिकोडीपर्यंत आले होते.

तिसरं स्थळ कोल्हापूरचं. ते खरोखर चांगलं होतं. डॉक्टर मनाचे, भूलतज्ज्ञ शेजारच्याच खोलीत. काउंटरवरच्या माणसानं मात्र सरांचं आरोग्य कार्ड उलटंसुलटं करून परत दिलं. "हे कर्नाटकचं हाय. हितं चालत न्हाय." निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, बोली एक, भाकरी एक, पण कार्डाला ते मान्य नव्हतं. म्हणून सर बेळगावच्या एका कचेरीत विचारायला गेले. तिथल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, काय आजार? सरांनी टेबलावर वाकून कुजबुजत सांगितलं. साहेबांना ऐकू आलं नाही. त्यांनी पलीकडच्या टोकाला बसलेल्या साहेबांना ओरडून विचारलं, "एन री, डिप्रेशनला परराज्यात परवानगी असते काय?" रांगेतली सगळी माणसं सरांकडं वळली. पलीकडचे साहेब म्हणाले, हाड मोडलं असतं तर बघता आलं असतं. थोडक्यात, सरांची खिन्नता कर्नाटकची, औषध महाराष्ट्राचं, आणि दोन्ही सरकारांत असल्या बारक्या गोष्टीवरून बोलणं होणं शक्य नव्हतं. सीमाप्रश्नावर सरांनी वर्गात वर्षानुवर्षं धडे दिले होते. ती सीमा आपल्या मेंदूतूनही जाते हे त्यांना नव्यानं समजलं.

तोवर आण्णांचा उत्साह मावळला होता. एवढी स्थळं नाकारलेल्या मुलाबद्दल जे बोलतात ते त्यांनी बोलायला सुरुवात केली होती. शेवटचं म्हणून ब्राह्मीनं स्वतः एक नाव काढलं, डॉक्टर मंजुश्री, शहापूर.

बेळगावच्याच शहापूर भागातली ती गल्ली विणकरांची. क्लिनिकच्या भिंतीपलीकडं माग चालत होते आणि त्यांची खटाखट सबंध इमारतीला जाणवत होती. कारंजं नव्हतं. चहा आला नाही. चौघं एकदम आत शिरली तशी डॉक्टर मंजुश्रींनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, तुम्ही कुठल्या गावच्या?" आण्णांनी सुरुवात केली.

"पेशंट कोण आहे?" त्यांनी विचारलं. सरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "मग बाकीचे बाहेर बसा."

आण्णांना आयुष्यात प्रथमच कुणी स्थळ बघायला गेल्यावर बाहेर बसवलं होतं. ते व्हरांड्यात मागाच्या तालावर पाय आपटत बसले. आत डॉक्टरांनी सरांसमोर त्यांच्या पहिल्या डॉक्टरांना फोन लावला. भूलतज्ज्ञांना बोलावून ओळख करून दिली, ते मागच्याच खोलीत रक्तदाबाचं यंत्र लावत होते. डोकं गरगरेल, मळमळेल, विचित्र भास होतील, आणि कदाचित काहीच गुण येणार नाही, असं सगळं त्यांनी आधीच सांगून टाकलं. एवढं वाईट बोलणारं क्लिनिक सरांनी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "सर, तुम्हाला शेवटची भूक कधी लागली होती?"

सर आठवू लागले. आठवेना. डॉक्टर थांबून राहिल्या. घड्याळाकडं त्यांनी पाहिलं नाही, दुसरा प्रश्नही टाकला नाही. भिंतीपलीकडं माग चालत राहिले. दोन वर्षांत लोकांनी सरांना उत्तरं पुष्कळ दिली होती, पण त्यांच्या उत्तरासाठी कुणी थांबलं नव्हतं.

"हेच," बाहेर येऊन सर ब्राह्मीला म्हणाले.

"चहा सुद्धा इचारला न्हाय," आण्णा म्हणाले. "ताठ माणसं हाईत. पुढं तरास हुईल."

"हेच," सर पुन्हा म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी ठरवलेली ही पहिली गोष्ट होती. ब्राह्मी जीपमध्ये बसताना पदरानं डोळे टिपत होती.

आठवड्यातून दोनदा जायचं ठरलं. सलाईनच्या दिवशी सकाळपासून पोटात अन्नाचा कण नको, अशी सक्त ताकीद होती. सर कॉटवर पडत, औषध चढे, आणि छत हळूहळू मऊ होई. सरांना काहीतरी दिव्य दिसेल अशी मालुबाईंची अपेक्षा होती. त्यांना पोपडे उडालेल्या छतावर चिकोडी तालुक्याचा नकाशा दिसला, सीमा बऱ्यापैकी अचूक. मागाची खटाखट दूर जाई आणि जवळ येई. मग ठेवून घेत, रक्तदाब बघत, आणि डोळे जड झालेल्या सरांना आण्णा दंडाला धरून जीपमध्ये बसवत.

आता घोटाळा असा झाला की पूर्णिमावहिनींनी हे सगळं बाहेरच्या बाजूनं पाहिलं. दिवस चातुर्मासाचे. सर मंगळवारी चहा घेत नाहीत, शुक्रवारी घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. सकाळी ताटली झाकून त्यांनी उप्पीट आणलं तर ब्राह्मी म्हणाली, "आज त्यांना काय घ्यायचं न्हाय वैनी." यात खोटं काय होतं? आणि त्याच दिवशी संध्याकाळी सर जीपमधून उतरले ते अर्धे मिटलेले डोळे, संथ पावलं, चेहऱ्यावर कुठलाच भाव नाही, आणि एवढे मोठे कलगोंडा आण्णा त्यांना धरून आणताहेत. पूर्णिमावहिनींनी पायरीवरच नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी बस्तीतल्या पाठशाळेच्या बायका आल्या. पुढच्या शुक्रवारी सर परतले तेव्हा दारात रांगोळी होती.

"निर्जळी करायलेत," वहिनी सांगत. "आणि त्या दिवशी गाव सोडून कुठंतरी एकांतात जात्यात."

नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागणार. खरं सांगितलं तर चिकोडीला कळणार. सर पाय मागं घेत राहिले आणि लोक पुढं वाकत राहिले. वैताग असा की याच सुमारास सरांना पुन्हा वैताग येऊ लागला होता. चौथ्या सलाईननंतर वर्गात केक कापणाऱ्या पोराला त्यांनी कान धरून बाहेर काढलं. सबंध शाळा हळहळली. ब्राह्मीनं मात्र त्या संध्याकाळी शेवयाची खीर केली.

मग समाजातल्या कार्यकर्त्यांनी सरांच्या पारण्याचा, म्हणजे उपवास सोडण्याचा, जाहीर कार्यक्रम ठरवला. चौकात फलक लागला. फोटो शाळेच्या ओळखपत्रावरचा, भोवती फुलांची महिरप. त्याचा एकंदर परिणाम असा झाला की सौंदलग्याहून एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन करून विचारलं, सर कधी गेले.

"चिकोडीची माणसं यायलीत," आण्णांनी आनंदानं बातमी आणली. "तपस्व्याचं घर म्हणून बघायचं हाय त्यास्नी. सन्मती, देवानं दिलंय. तू निस्ता बस. तोंड उघडू नकोस."

कार्यक्रमाच्या दिवशी सलाईन नव्हतं. सरांनी चांगलं खाऊन जायचं ठरवलं होतं, पण पूर्णिमावहिनी पहाटेच दहा बायका घेऊन सोप्यात भजनाला बसल्या. स्वयंपाकघराची वाट भजनातून जात होती. तपस्वी चटणी-भाकरी घेऊन त्यातून कसा जाणार? सर तसेच निघाले, आणि मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढताना त्यांना ती लागली.

भूक.

पहिल्यांदा ती ओळखूच आली नाही, पोटात दुखतंय असं वाटलं. मग मागच्या बाजूनं गव्हाच्या हुग्गीचा, म्हणजे खिरीचा, वास आला. गूळ, तूप, वेलदोडा. काहिलीत उलथणं फिरत होतं. सरांच्या तोंडाला पाणी सुटलं. ते इतके चकित झाले की क्षणभर पायरीवरच उभे राहिले. दोन वर्षांनी कुणीतरी जवळचं माणूस अचानक दारात यावं तसं त्यांना झालं, आणि त्याच्याशी बोलायचं सोडून फेटा बांधून घ्यावा लागला.

व्यासपीठावर शाली आल्या, नारळ आले. प्रमुख पाहुणे यायला उशीर होता, म्हणून तोवर ज्यांना बोलता येत नाही अशांनी बोलून घेतलं. समोर पहिल्या रांगेत चिकोडीची माणसं, मधोमध मुलाची आई जयाबाई, ताठ बसलेल्या. कलगोंडा आण्णा बोलायला उठले. त्यांनी एकही वाक्य खोटं सांगितलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. सन्मतीच्या पोटात कण नसायचा. डोळे मिटलेले असायचे. देह इथं आणि मन भलतीकडं असायचं. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. हुग्गीचा वास आता माईकपर्यंत आला होता.

मग सरांच्या पोटानं आवाज काढला. माईक समोरच होता. सभागृहभर तो घुमला.

"सरांनी दोन शब्द सांगावेत," कुणीतरी म्हणालं.

सर उभे राहिले. आण्णांनी डोळ्यांनी खुणावलं. सरांनी जयाबाईंकडं पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या ब्राह्मीकडं. ब्राह्मी त्यांच्या पोटाचा आवाज ऐकून हसत होती आणि रडत होती.

"माझा उपवास नव्हता," सर म्हणाले. "उपवास करायला भूक लागावी लागते. मला दोन वर्षं भूक लागली नाही. राग आला नाही, हसू आलं नाही. त्याला तुम्ही वैराग्य म्हणालात. ते वैराग्य नव्हतं, तो आजार होता, मनाचा. शहापुरात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडं सलाईन घेतो, त्या दिवशी उपाशी राहावं लागतं. बाकी ज्यांनी खरे उपवास केलेत त्यांच्या पाया मीच पडतो." ते थांबले. "आज भूक लागलीय. लई लागलीय. मला वाढा."

आण्णांनी मान खाली घातली. पूर्णिमावहिनींनी आपल्या हातांकडं पाहिलं, ज्यांनी इतके नमस्कार केले होते. कार्यकर्ते एकमेकांना विचारू लागले की शाल परत घ्यायची असते का. शेवटी आचारीच बाहेर येऊन म्हणाला की हुग्गी आटायला लागलीय, आणि एवढ्या मोठ्या नैतिक प्रश्नाचा निकाल लागून पंगत बसली.

सर फेट्यासकट जेवले. पहिली वाटी त्यांनी चव न घेताच संपवली. दुसरीला चव लागली, आणि घास तोंडात ठेवून ते थोडा वेळ तसेच बसले. वाढप्यांच्या हातून पळ्या घेऊन लोक स्वतः वाढायला येऊ लागले. पाठशाळेच्या एक बाई वाकल्या. "सर, शहापुरात कुठं म्हणालासा? आमच्या एका पाहुण्यासाठी पाहिजे हुतं." मागून एक कार्यकर्ता आला. त्याचाही पाहुणाच होता. राजकुमारनं खास सांगितलं की आपला पाहुणा माणूस आहे. पूर्णिमावहिनींनी तूप जरा जास्तच वाढलं आणि म्हणाल्या, "सर, मेथ्याचं मनावर घेऊ नका. माझी एक पाव्हणी हाय, गावाकडं." वहिनींना गावाकडं कुणी नव्हतं, हे सरांना माहीत होतं. त्यांनी पत्ता सांगितला.

चिकोडीची माणसं व्यवस्थित जेवली. निघताना "कळवतो" म्हणाली. या भागात कळवतो म्हटलं की कळायचं ते कळतं. जयाबाई मात्र हात धुवायच्या निमित्तानं मागं राहिल्या आणि ब्राह्मीला डॉक्टरीणबाईंचं नाव विचारून गेल्या. संध्याकाळी दीप्तीला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही किती वाट्या खाल्ल्या?"

पण ते नंतरचं. पंगत उठत आली तेव्हा कलगोंडा आण्णा आपलं पान उचलून सरांच्या शेजारच्या पाटावर येऊन बसले. ते रागावले असणार, आणि रागवायचा त्यांना हक्क होता, हे सरांना कबूल होतं. आण्णांनी पानात हुग्गी घेतली. खाल्ली नाही. बोटांनी चाळवत बसले. त्यांच्या पानात आधीचंही सगळं तसंच होतं, भात, वांग्याची भाजी, बुंदी. सरांनी ते पान पाहिलं, मग आण्णांकडं पाहिलं, आणि आण्णा हल्ली जीपमध्ये स्वतःहून कधी चिवडा मागत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"सन्मती," आण्णा पानाकडं बघत म्हणाले, "ती बाई बाकीच्यांना भाईर बसवती न्हवं? एकट्यालाच आत घेती?"

"एकट्यालाच."

"बरं हाय." त्यांनी हुग्गीचा एक घास घेतला, चघळला, गिळला. "मंगळवारी तू जाणारच हाईस, संगं आमचा एक पाहुणा येईल. गाडी ब्राह्मीच्या भावाला चालवायला सांग."

पाहुणा कोण, हे सरांनी विचारलं नाही. आणि डॉक्टरीणबाई मूळ कुठल्या गावच्या, हे आण्णांनीही विचारलं नाही.